तापमान मंडळाचं, नुकसान बांधावरचं

मे महिन्यातली गोष्ट. असोद्याच्या शिवारात एका आबांच्या केळीच्या बागेत उभे होतो. सकाळचे साडेनऊ झाले होते आणि मजूर काम आवरून निघण्याच्या तयारीत होते. पश्चिमेच्या दोन ओळींतले घड उन्हाच्या बाजूने काळे पडलेले, तीन-चार झाडांचे घड दांड्यातून मोडून खाली आलेले. आबांनी एक फणी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "सायेब, ऊन पडलं माह्या वावरात, अन् मोजलं दुसरीकडे. आता मले पैसे भेटतील का नाही, ते त्या यंत्राले इचारा."

या एका वाक्यात आजच्या केळीवाल्याची सगळी अडचण आली. हवामान बदललं आहे की नाही यावर शहरात चर्चासत्रं होतात. गावात प्रश्न वेगळा आहे. बदललेल्या हवामानाचा हिशेब कोण ठेवतो, तो कुठे ठेवला जातो आणि त्या हिशेबावर आपली भरपाई, आपला पेरा आणि आपली उधारी कशी अवलंबून आहे, हा तो प्रश्न.

जुनी माणसं म्हणतात, "खान्देशात ऊन काय नवं आहे?" बरोबर आहे. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जाणं आपल्या आजोबांनीही पाहिलं. फरक पडला आहे तो उन्हाच्या वेळेत. २०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पुढच्याच वर्षी, २०२३ चा फेब्रुवारी कमाल तापमानात तसाच विक्रमी गेला. त्याच २०२३ चा ऑगस्ट मात्र १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आणि २०२४ हे वर्ष देशातलं आजवरचं सर्वांत उष्ण वर्ष म्हणून नोंदलं गेलं. म्हणजे होळीच्या आधीच आखाजीचं ऊन, आणि पोळ्याच्या तोंडावर जमीन भेगाळलेली.

पावसाचंही तसंच. हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते. हे बाष्प धरलं जातं तोवर उघडीप लांबते आणि सुटतं तेव्हा एका रात्रीत सुटतं. ३०-३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचा पूर आला, तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. वर्षाची सरासरी पाहिली तर कागदावर पाऊस पुरेसा दिसतो. पण महिन्याचा पाऊस दोन दिवसांत पडला, तर तो पिकाचा नसतो, नाल्याचा असतो.

आता केळीकडे येऊ, कारण आपल्या जिल्ह्याचा पैसा तिच्यात अडकला आहे. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, यावल, चोपडा हा तिचा मुख्य पट्टा, पण तापीच्या अलीकडे जळगाव तालुक्यातही बागा कमी नाहीत. केळी हे नाजूक पीक आहे. साधारण १५ ते ३५ अंशांत ती सुखी असते. १० अंशांच्या खाली वाढ जवळपास थांबते. एरवी महिन्याला तीन-चार पानं टाकणारं झाड थंडीत एखाद-दुसऱ्या पानावर येतं, घड निसवताना पोग्यातच अडकतो. ज्या केळीला थंडीचा चरका बसला तिचा रंग पिकवल्यावर मळकट येतो आणि व्यापारी वांधा काढतो. उलट ४० च्या पुढे पानांच्या कडा करपतात, घडाची उन्हाकडची बाजू भाजते, भरलेल्या घडाचा दांडा मोडतो. म्हणजे आपल्या जिल्ह्यात केळीला वर्षातले थोडेच महिने खरे मानवतात. बाकीचे महिने शेतकरी तिला सांभाळतो.

आपल्या वाडवडिलांनी यावर तोडगा काढला होता. मृगबाग आणि कांदेबाग ही नुसती दोन नावं नाहीत, ते हवामानाचं गणित आहे. जून-जुलैत लावली की निसवण कधी येणार, सप्टेंबर-ऑक्टोबरात लावली की घड कोणत्या उन्हात सापडणार, हे ठरलेलं असायचं. पुढे ऊतिसंवर्धित रोपं आली, ग्रँड नैन आलं, ठिबक आलं, आणि अकरा-बारा महिन्यांत बाग निघू लागली. त्याबरोबर लागवडीची वेळही सैल झाली. फेब्रुवारी-मार्चमध्येसुद्धा रोपं लागू लागली. इथेच खरी मेख आहे. नाजूक रोप आणि लवकर आलेलं ऊन यांची गाठ पडते. २०२२ च्या मार्चमध्ये नव्या लागवडीत नांग्या भरता भरता शेतकरी टेकीला आले होते.

मग शेतकऱ्याने स्वतःच उपाय शोधले. जुन्या साड्या विकत आणून बागेच्या पश्चिमेला बांधल्या. रोपाच्या पश्चिमेला ताग टाकला, म्हणजे दुपारचं ऊन तागावर पडतं. कोणी कापडी क्रॉप कव्हर घातलं. कडेने शेवरी, गजराज गवत लावलं. मला विचाराल तर या सगळ्यात शेवरी आणि ताग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. साडी एका वादळात फाटते, शेवरी दोन-तीन वर्षं उभी राहते आणि जनावरालाही होते. पण शेवरी बांधावर आली की शेजारी म्हणतो सावली माझ्या पिकावर पडते, आणि तिथे भाऊबंदकी सुरू होते. हे कोणत्याही शिफारशीत लिहिलेलं नसतं.

पाण्याचं गणित करून पाहा. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ झाडं बसतात. भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला रोज २० लिटर धरलं तरी एकराला सुमारे ३५ हजार लिटर पाणी रोज लागलं. ऊन महिनाभर आधी सुरू झालं म्हणजे हा हिशेब आणखी ३० दिवस वाढला. दहा लाख लिटरच्या वर पाणी, एका एकराला, एका जास्तीच्या महिन्यात. ते विहिरीत कुठून येणार? यावल-रावेरकडे भूजल किती खोल गेलं ते बोअरवेलवाले सांगतील. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला, चांगली गोष्ट आहे. पण त्या योजनेचं पाणी जमिनीत मुरेपर्यंत आपल्या कितीतरी बागा निघून जातील. तोवर आच्छादन. केळीची वाळलेली पानं पेटवू नका, ती झाडाच्या बुडाशी टाका. हे मी प्रत्येक सभेत सांगतो आणि प्रत्येक उन्हाळ्यात बांधावर धूर पाहतो.

धुराचा उपयोग हिवाळ्यात आहे. थंडीच्या रात्री वाऱ्याच्या बाजूने ओला काडीकचरा पेटवून धूर करावा, पहाटे विहिरीचं पाणी द्यावं, ते हवेपेक्षा उबदार असतं. बुडाला निंबोळी पेंड द्यावी.

ढगाळ हवेचा त्रास आणखी वेगळा. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये संततधार आणि ढगाळ वातावरण राहिलं आणि रावेर-यावलमध्ये कुकुंबर मोझॅक, म्हणजे आपल्याकडचा हरण्या, असा पसरला की शेतकऱ्यांनी रोपं उपटून बांधावर टाकली. पुढच्या वर्षांतही तो येत राहिला. हा विषाणू मावा पसरवतो आणि मावा राहतो काकडीवर्गीय वेलांवर आणि तणांवर. नव्या केळीत काकडी, गिलकं, भोपळा आंतरपीक घेणं म्हणजे चोराला ओसरीवर झोपायला जागा देणं. पण रोप महाग, पहिले चार महिने हातात पैसा नाही, म्हणून शेतकरी आंतरपीक घेतो. घ्यायचंच तर उडीद, मूग, ताग घ्या.

आता विम्याकडे. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत नुकसान पाहून पैसे मिळतात असा अजून बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. कमी तापमान आणि जास्त तापमान या धोक्यांत बागेत कोणी येत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा पाहिला जातो. ठराविक तारखांच्या दरम्यान, सलग ठराविक दिवस, ठरवलेल्या अंशाच्या वर किंवा खाली पारा राहिला, तर त्या मंडळातल्या विमाधारकांना भरपाई. समजा अट सलग पाच दिवसांची आहे. चार दिवस आग ओकली, पाचव्या दिवशी दुपारी ढग आले आणि पारा अर्ध्या अंशाने खाली राहिला. सहाव्या दिवसापासून पुन्हा एक म्हणून मोजायला सुरुवात. केळी मात्र असं मोजत नाही, तिचं पान तिसऱ्याच दिवशी करपलेलं असतं.

म्हणूनच २०२० मध्ये या योजनेचे निकष बदलले तेव्हा जिल्ह्यात एवढा गदारोळ झाला, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा दुरुस्त करावे लागले. एका अंशाचा आणि दोन दिवसांचा फरक हा इथे हजारो कुटुंबांचा फरक असतो. दरवर्षीचा शासन निर्णय वेगळा असू शकतो. सेवा केंद्रावर पैसे भरून पावती खिशात घालण्याआधी यंदाच्या तारखा आणि यंदाचे अंश वाचून घ्या. वाचता येत नसेल तर मला विचारा. २०२५ मध्ये आमच्या हुद्द्याचं नाव बदलून सहायक कृषी अधिकारी झालं, काम तेच आहे.

गारपीट आणि वेगाचा वारा यांचं मात्र वेगळं. तिथे ७२ तासांत कळवावं लागतं. वादळ संध्याकाळी येतं, रात्रभर वीज नसते, मोबाइल बंद असतो, सकाळी माणूस आडव्या झालेल्या बागेकडे बघत बसतो. दोन दिवस असेच जातात. घरातल्या एकाने तरी ७२ तास हा आकडा लक्षात ठेवावा. आणि पीक पाहणीत केळीची नोंद असली पाहिजे. बाग उभी आहे पण सातबाऱ्यावर गेल्या सालचा कापूस, असं असलं तर मग कोणालाच बोलता येत नाही.

इथे एक कडू गोष्ट लिहावीच लागेल. केळी नसताना केळीचा विमा काढल्याची प्रकरणं पडताळणीत निघाली. त्यामुळे तपासण्या वाढल्या, पैसे लांबले आणि ज्याची बाग खरोखर भाजली तो रांगेत उभा राहिला. सरकारला आणि कंपनीला आपण बोलतो, ते बोललंच पाहिजे. पण ज्यांनी हे केलं त्यांनाही गाव ओळखतं, आणि गाव गप्प राहतं.

कापसाचं दुखणं लांब आहे, थोडक्यात लिहितो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कंबर मोडली. मे महिन्यातली लागवड अळीला लवकर खाद्य देते म्हणून बियाणं विक्रीची तारीख पुढे नेली गेली, तर ठिबकवाले म्हणतात उशिरा लावलं की शेवटचा पाऊस बोंडावर येतो. दोघांचंही खरं आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात क्यार आणि महा अशी दोन वादळं पाठोपाठ झाली, आणि आपल्या शिवारात फुटलेल्या कापसाच्या सरकीला झाडावरच कोंब फुटले. ज्वारी काळी पडली, मक्याच्या कणसांना मोड आले. तेव्हा शासनाची मदत खरिपाला हेक्टरी ८ हजार आणि फळबागेला हेक्टरी १८ हजार मिळाली. हेक्टरी ८ हजारात कापूस वेचणीचे पैसे निघतात का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आणि हा फटका बांधावर थांबत नाही. ओला कापूस जिनिंगवर गेला की ओलाव्याचा प्रश्न येतो. भारतीय कपास निगम ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेतं, त्याच्या वर गेला की परत. मग तो खासगीत पडत्या भावाने जातो. जिनवाल्यालाही सुख नाही, पिवळट रुईची गाठ त्याला कमी भावात विकावी लागते. जळगावच्या डाळ मिलचं तेच. मूग-उडीद नेमके पोळ्याच्या आसपास काढणीला येतात, आणि त्याच वेळी झड लागली की दाणा डागी होतो. डागी दाण्याची डाळ चमकत नाही. कृषी सेवा केंद्रवाल्याने जूनमध्ये उधारीवर दिलेलं बियाणं पावसाच्या खंडात जळालं, तर दुबार पेरणीचं बियाणं पुन्हा उधारीवरच जातं, आणि दिवाळीला वसुली एकाच पिकातून करायची असते. मजुरांचं पाहा. ऊन लवकर आल्यापासून कामाचे तास पहाटे पाच ते दहा झाले. रोज तेवढाच, काम निम्मं, आणि दुपारी डोकं धरून झोपणाऱ्या बायामाणसांची गणती कोणत्याच नोंदवहीत नाही.

केळीच्या व्यापाराला तर दोन ठिकाणचं हवामान लागतं. भाव बऱ्हाणपूरच्या लिलावावर हलतो आणि माल जातो उत्तर भारतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीकडे धुकं आणि कडाका पडला की तिथला माणूस केळी कमी खातो. इकडे आपल्या थंडीने अडकलेले घड पुढे ऊन लागताच एकदम कापणीला येतात. माल एकदम, मागणी थंड. श्रावण, नवरात्र आणि रमजान हे मागणीचे दिवस, त्यात रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. लागवड ठरवताना हा हिशेब करणारे शेतकरी मी पाहिले आहेत. पण हवामानाने कापणी महिनाभर मागेपुढे केली की तोही हिशेब कोलमडतो.

असोद्याचा विषय आहे आणि वांग्याचं नाव नाही, असं कसं चालेल? जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही २०१६ मध्ये मानांकन मिळालं. मोठं, हिरवं, पातळ सालीचं, बी कमी. त्याची खरी चव थंडीत येते. थंडी उशिरा आली, मधेच अवकाळी पाऊस पडला, तर फळाला डाग पडतात, शेंडे आणि फळं पोखरणारी अळी वाढते, बी लवकर धरतं. मग बाजारात वांगं मिळतं, पण भाजलं की बियांचा लगदा. केळीसाठी विमा आहे, निर्यात आहे, संशोधन केंद्र आहे. या वांग्याचं बी मात्र अजून घराघरातल्या म्हाताऱ्यांच्या डब्यात आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून बी ठेवलं त्यांच्यापैकी एखाद्याच्या वाणाला ऊन जास्त सोसवत असेलही. शोधणार कोण? हा माझ्याकडूनच राहिलेला विषय आहे, हे कबूल करतो.

कबुलीचंच निघालं म्हणून आणखी एक. २०२३ च्या जूनअखेर पाऊस उशिरा आला, सगळे घायकुतीला आलेले. पहिल्या चांगल्या सरीनंतर काही जणांनी मला विचारलं, पेरू का? शिफारस अशी की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये. पण गावात किती पडला हे मलाही ठाऊक नव्हतं. मंडळाच्या केंद्राचा आकडा हाताशी होता, तो पाहून मी मान हलवली. आपल्या शिवाराच्या एका बाजूला तेवढा पाऊस झालाच नव्हता. तिकडच्या दोघांचा मका मोडला. ते मला आजही रामराम करतात, हा त्यांचा मोठेपणा.

तेव्हापासून माझं म्हणणं एकच आहे. गावाचा पाऊस गावाने मोजावा. साधं पर्जन्यमापक यंत्र फार महाग नसतं. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४ हजार लिटर पाणी, एवढं समजलं की पोरंसुद्धा हिशेब करतात. शाळेच्या आवारात एक, शिवाराच्या दुसऱ्या टोकाला एक, आणि सावलीत टांगलेली कमाल-किमान तापमापी. रोज सकाळी साडेआठला नोंद. या वहीवर विमा कंपनी पैसे देणार नाही, हे मी आधीच सांगतो. पण मंडळाचं केंद्र झाडाखाली आहे, बंद पडलं आहे किंवा आकडा आजूबाजूच्या गावांपेक्षा भलताच आहे अशी तक्रार करायची, तर हातात काहीतरी पाहिजे. सहा महिन्यांच्या नोंदी घेऊन तहसीलदारांसमोर बसणं आणि नुसतं "आमच्याकडे ऊन जास्त होतं" म्हणणं, यात फरक आहे.

दुसरं, पीक कापणी प्रयोग. २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आला, २०२५ च्या खरिपापासून तो बंद होऊन भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर आली. म्हणजे कापूस, मका, सोयाबीनवाल्यांचं सगळं त्या मोजक्या प्लॉटवर ठरणार. महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी, तिन्ही खात्यांची माणसं हे प्रयोग करतात. प्रयोगाच्या दिवशी ज्याचं शेत आहे तोच हजर असतो, बाकी गाव कामात. सरपंच, पोलीस पाटील आणि चार शेतकरी तिथे उभे राहिले, वजन डोळ्यांनी पाहिलं, तर नंतरचे वाद निम्मे होतील. आम्हा कर्मचाऱ्यांनाही ते बरंच आहे, आमच्यावरचा संशय जातो.

तिसरं, जळगाव जिल्हा २०१८ पासून पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात आहे. हवामान बदलाला तोंड देण्यासाठीच तो प्रकल्प आणला. पण गावोगावच्या अर्जांत ठिबक आणि पाइप भरपूर असतात, सामाईक कामं कमी. वैयक्तिक अनुदानाला गर्दी होते, नाल्याच्या बांधाला कोणी सही करत नाही. ग्राम कृषी संजीवनी समितीची पुढची बैठक असेल तेव्हा विहीर पुनर्भरणाचा विषय पहिला घ्या, शेवटी घेतला तर चहा आलेला असतो.

पर्जन्यमापकाचं सरपंचांशी बोलणं झालं आहे, जागाही पाहिली. मुख्याध्यापकांची एकच शंका आहे, रविवारी आणि दिवाळीच्या सुटीत नोंद कोण घेणार? आबांनी सांगितलं आहे की त्यांच्या नातवाला ते रोज सकाळी पाठवतील. पोरगा सहावीत आहे. वही मी देतो म्हटलं आहे.